तर्काची तबकडी

सरकारी नोकरीत ज्याने तीस-बत्तीस वर्षे काढली, त्याला तर्क या विषयाचे निराळे शिक्षण घ्यावे लागत नाही. आम्ही गुजरात राज्याच्या महसूल खात्यात सेवा केली. तेथे मे महिना उजाडला की गांधीनगरहून बदल्यांचे हुकूम निघण्यापूर्वीच कचेरीच्या व्हरांड्यात सर्वांच्या बदल्या होऊन जात. कोण डांगला जाणार, कोण कच्छला, कोणाला बडोद्यातच ठेवून घेणार, याच्या याद्या चहाच्या पेल्यांबरोबर फिरत. या याद्यांत एक गंमत आम्ही नेहमी पाहिली. ज्याला स्वतःला कच्छची धास्ती, तो साऱ्या कचेरीला कच्छला धाडी. ज्याला बढतीची आस, त्याला जिकडे तिकडे बढत्याच दिसत. प्रत्यक्ष हुकूम हाती पडला म्हणजे उमगे की, तर्क करणाराने हुकमाविषयी फारसे काही सांगितलेले नसते. स्वतःविषयी मात्र पुष्कळ सांगून टाकलेले असते.

ही गोष्ट केवळ कचेरीपुरती खरी असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु साधारणतः २००२ ते २००६ या काळात अमेरिकेत एक तर्क असाच व्हरांड्या-व्हरांड्यांतून फिरत होता, आणि त्यात भाग घेणारे लोक आमच्यासारखे तालुक्याच्या गावचे अव्वल कारकून नव्हते. ते मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख, वृत्तपत्रांचे जाणते प्रतिनिधी आणि शेअर बाजाराचे विश्लेषक होते. तर्क असा की, अ‍ॅपल ही संगणक बनविणारी कंपनी आता मोबाईल फोनच्या धंद्यात उतरणार. पुढे काय झाले ते आज शाळकरी पोरही जाणते. त्यामुळे त्या वेळी वर्तविलेली भाकिते आज वाचली तर हसू येते. पण हसून सोडून देण्यासारखे ते प्रकरण नाही. शहाण्या माणसांची चूक नेमकी कोठे झाली हे पाहण्याजोगे आहे, कारण तसाच एक प्रश्न सध्या आपल्या मंडळापुढे येऊन उभा आहे. त्याकडे आम्ही शेवटी वळूच. आधी ती मूळ हकीकत.

अ‍ॅपलची स्थापना १९७६ सालची. १९९७ च्या सुमारास ही कंपनी बुडण्याच्या बेतात होती. इतकी की, त्या वर्षी तिची पिढीजात प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्ट हिने तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतविले तेव्हा तिला थोडा श्वास घेता आला. त्याच वर्षी संस्थापकांपैकी एक असलेले स्टीव्ह जॉब्स परत आले. आल्यावर त्यांनी जी अनेक कामे बंद केली त्यांत न्यूटन नावाचे हातात धरायचे एक यंत्र होते. १९९३ मध्ये बाजारात आलेले हे यंत्र हस्ताक्षर ओळखत असे, अथवा ओळखण्याचा प्रयत्न करीत असे. १९९८ मध्ये ते बंद झाले. म्हणजे खिशात मावणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत या कंपनीचे हात एकदा पोळलेले होते.

ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांनी आयपॉड हे गाणी ऐकण्याचे यंत्र आणले. हजार गाणी खिशात, हे त्याचे आकर्षण. ते अफाट खपले. २००५ या एका आर्थिक वर्षात दोन कोटींहून अधिक आयपॉड विकले गेले. आता कोणीही विचार करील की, ज्याचे एवढे चांगले चालले आहे तो फोनच्या भानगडीत का पडेल? पण तर्काचे मूळ नेमके तेथेच होते. मोबाईल फोनमध्ये कॅमेरा आला आणि साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा धंदा आटू लागला. उद्या फोनमध्ये गाणी आली तर आयपॉड कोण विकत घेईल? माणूस एका खिशात दोन डब्या किती दिवस बाळगील? ज्याला ही भीती दिसत होती, त्याला पुढची पायरीही दिसत होती. ऑगस्ट २००२ मध्येच न्यूयॉर्क टाइम्सचे जॉन मार्कॉफ यांनी या दिशेने लिहिले होते. त्याआधी १९९९ साली कंपनीने आयफोन या नावाचा इंटरनेटवरील एक पत्ताही नोंदवून ठेवलेला होता. वावडीला दोरा मिळायला एवढे पुरे झाले.

मग ७ सप्टेंबर २००५ रोजी सर्वांना वाटले की, प्रतीक्षा संपली. त्या दिवशी मोटोरोला कंपनीने अ‍ॅपलशी हातमिळवणी करून केलेला रॉकर नावाचा फोन जाहीर झाला. मोटोरोलाचा नेहमीच्या घाटाचा फोन, त्यात अ‍ॅपलची गाण्यांची व्यवस्था बसविलेली. स्मृतीत जागा कितीही असो, गाणी शंभरच ठेवता येत. शंभराच्या पुढे कुलूप. संगणकावरून ती गाणी फोनमध्ये उतरायला फार वेळ लागे. खुद्द जॉब्स मंचावर प्रात्यक्षिक दाखवीत असताना, फोन घेऊन झाल्यावर थांबलेले गाणे पुन्हा सुरू होईना. त्याच समारंभात त्यांनी स्वतःचा नवा, पेन्सिलीएवढ्या जाडीचा आयपॉड नॅनो दाखविला आणि सारी टाळी तोच घेऊन गेला.

रॉकर पडला. पण तो का पडला, याचा विचार जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. बहुतेकांनी असा निष्कर्ष काढला की, फोन आणि गाणी यांचे लग्न लागत नाही. आम्हांस त्याचे कारण निराळे वाटते. तेथे एका जुन्या वस्तूच्या पोटात दुसरी जुनी वस्तू कोंबलेली होती. फोन फोनच राहिला, गाण्यांची पेटी गाण्यांची पेटीच राहिली, आणि दोघांनाही एका लहानशा खोलीत अवघडून बसावे लागले. आमच्या कचेरीत पहिल्यांदा संगणक आला तेव्हाचे चित्र यावरून आठवते. त्यावर तीच जुनी पत्रे, त्याच जुन्या नमुन्यात, तेच टंकलेखक टंकित करीत, मुद्रित करीत आणि तो कागद फायलीला दोऱ्याने बांधीत. मग ती फाईल शोधायला पूर्वीसारखाच शिपाई धावे. यंत्र नवे होते. काम टंकलेखन यंत्राचेच होते.

२००६ साल उजाडेपर्यंत तर्कांना पूर आला. हौशी चित्रकारांनी भावी फोनची चित्रे काढली. त्यांतल्या कित्येक चित्रांत आयपॉडच होता, त्याच्या गोल चाकाचाच उपयोग आकडे फिरविण्यासाठी केलेला. कोणी म्हणे, ही कंपनी दुसऱ्याचे मनोरे भाड्याने घेऊन स्वतःच दूरध्वनी सेवा चालविणार. डिसेंबर २००६ मध्ये तर आयफोन नावाचा फोन खरोखरच बाजारात आला, मात्र तो अ‍ॅपलचा नव्हताच. सिस्को कंपनीच्या लिंक्सिस विभागाचा, इंटरनेटवरून बोलण्याचा घरगुती फोन निघाला. नावाचा हक्क सिस्कोकडे होता. पुढे १० जानेवारी २००७ रोजी तिने अ‍ॅपलवर दावाही लावला आणि फेब्रुवारीत उभयतांची तडजोड झाली.

या सुमारास जाणत्यांचे मत काय होते? नोव्हेंबर २००६ मध्ये पाम कंपनीचे प्रमुख एड कॉलिगन यांनी जाहीरपणे सांगितले की, एक चांगला फोन कसा करावा हे शिकायला आम्हाला वर्षानुवर्षे झगडावे लागले. संगणकवाले असे सहज आत चालत येतील आणि जमवून टाकतील, हे होणे नाही. पाम ही काही ऐरीगैरी कंपनी नव्हती. दैनंदिनी, पत्ते आणि फोन एकत्र असलेला त्यांचा ट्रिओ तेव्हा व्यावसायिकांच्या हाती दिसे. अनुभवी माणसाचे ते बोल होते.

हेच बोल, थोड्या निराळ्या भाषेत, आम्ही बडोद्यातही ऐकले. आम्ही तेव्हा शहरातच नेमणुकीवर होतो आणि कचेरी सुटल्यावर मंडळाच्या वाचनालयात तासभर बसण्याचा आमचा परिपाठ होता. डिसेंबरच्या एका संध्याकाळी इंग्रजी दैनिकाच्या अर्थविषयक पानावर ही वार्ता आली होती. टेलिफोन खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आम्ही सर्व ज्यांना अण्णा म्हणत असू, ते ती वाचून हसले.

“भाऊसाहेब, वाचलेत का हे? संगणकवाले म्हणे आता फोन करणार. जेनुं काम तेनुं थाय, बीजा करे सो गोता खाय!” बडोद्याच्या मराठी माणसाला म्हण आठवली की ती निम्म्या वेळा गुजरातीच असते. “अहो, फोन म्हणजे वरची डबी नव्हे. आत रेडिओ आहे. मनोऱ्याशी त्याची गाठ सुटता कामा नये, माणूस आगगाडीत असो की तळघरात. विजेरी दिवसभर टिकली पाहिजे. हे पुस्तकात वाचून येत नाही.”

“ते खरे, अण्णा,” बँकेतून निवृत्त झालेले नानासाहेब म्हणाले, “पण गिऱ्हाइकाला मनोऱ्याशी काय कर्तव्य आहे? त्याला खिशातले एक ओझे कमी झाले की पुरे.”

दोघांचा वाद रंगला. किंमत किती असेल, नोकियापुढे टिकाव लागेल का, असे प्रश्न झाले. वाचनालयातला तरुण मदतनीस पुस्तके जागेवर लावता लावता ऐकत होता. त्याने मध्येच विचारले, “काका, त्याच्यावर मराठी दिसेल का हो?” या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. वादाचा तो मुद्दाच नव्हता.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात पडदा उघडला. जॉब्स यांनी आधी प्रेक्षकांची फिरकी घेतली. ‘हा पाहा तो फोन’ अशा थाटात त्यांनी पडद्यावर जे चित्र दाखविले, त्यात आयपॉडच्या मध्यभागी जुन्या टेलिफोनची भोकाभोकांची तबकडी बसविलेली होती. लोक खळखळून हसले. आमच्या मते त्या सबंध भाषणातला हा सर्वांत मार्मिक क्षण होता. पाच वर्षांच्या साऱ्या तर्कांचे सार त्या एका चित्रात होते. लोकांनी नवी वस्तू कल्पिली ती अशीच: ठाऊक असलेली एक डबी, तिच्यावर ठाऊक असलेली दुसरी तबकडी.

प्रत्यक्षात जे निघाले त्याला कळफलकच नव्हता. साडेतीन इंचांचा काचेचा पडदा, तो बोटाने चालवायचा, आणि आत संगणकात चाले तीच प्रणाली, लहान रूपात. जॉब्स यांनी तीन गोष्टी एका यंत्रात असल्याचे सांगितले: रुंद पडद्याचा आयपॉड, मोबाईल फोन आणि इंटरनेटचे साधन. पहिल्या दोहोंना टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्याला जरा बेतानेच टाळ्या पडल्या. पुढे जग बदलले ते त्या तिसऱ्या गोष्टीने. त्याच दिवशी कंपनीने आपल्या नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढून टाकला. संगणक बनविणारी कंपनी फोनच्या बाजारात उतरणार काय, हा प्रश्न ज्या दिवशी सुटला त्याच दिवशी संगणक हा शब्द पाटीवरून उतरला, हा योगायोग मोठा बोलका आहे. संगणक नाहीसा झालेला नव्हता. तो खिशात गेला होता.

तरीही तर्क थांबले नाहीत. २९ जून २००७ रोजी विक्री सुरू झाली तेव्हा किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती, तीही सेवा पुरविणाऱ्या कंपनीशी दोन वर्षांचा करार करून. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी एका मुलाखतीत या किमतीला आणि कळफलक नसण्याला हसून दाद दिली. धंद्याच्या माणसाला कळफलकावाचून पत्र कसे लिहिता येणार, असा त्यांचा सवाल होता. नोकिया तर तेव्हा सिंहासनावर होती. जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाईलपैकी जवळजवळ चार तिचे असत. तिला घाबरण्याचे कारण दिसले नाही.

अण्णांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. जून २०१० मध्ये आलेल्या या फोनच्या चौथ्या आवृत्तीत, यंत्र हातात विशिष्ट रीतीने धरले की संदेशलहरी क्षीण होत. ओरड झाली आणि कंपनीला गिऱ्हाइकांना फुकट वेष्टणे द्यावी लागली. अण्णांनी त्या दिवशी वर्तमानपत्राची घडी आमच्यापुढे टाकली आणि म्हणाले, “रेडिओ आहे तो, रेडिओ! सांगितले होते ना?” त्यांचे ज्ञान खरे होते. फक्त, लोकांनी ती वस्तू ज्या कारणासाठी घेतली होती ते कारण त्यांच्या ज्ञानाच्या कक्षेत नव्हते. लोक तिच्यावर बोलण्यापेक्षा पाहत, वाचत आणि लिहीत अधिक होते. अण्णा आज नाहीत. असते तर या वाक्यावर त्यांनी आणखी तासभर वाद घातला असता.

यावरून, अनुभवी माणसे चुकतात आणि बाहेरून आलेला जिंकतो, असा सोपा निष्कर्ष कोणी काढील. तोही टिकत नाही. बाहेरून आलेले पुष्कळ होते. संगणक बनविणाऱ्या डेल कंपनीने २०१० मध्ये स्ट्रीक नावाचे यंत्र आणले आणि पुढच्याच वर्षी ते मागे घेतले. ह्यूलेट-पॅकार्ड या दुसऱ्या बड्या संगणक कंपनीने २०१० मध्ये १२० कोटी डॉलर मोजून एक फोन कंपनी विकत घेतली आणि ऑगस्ट २०११ मध्ये तिची यंत्रे बनविणे थांबविले. ती विकत घेतलेली कंपनी कोणती? तीच पाम, जिच्या प्रमुखांनी संगणकवाले सहज आत चालत येणार नाहीत असे म्हटले होते. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी ७६० कोटी डॉलरची रक्कम बुडीत खाती टाकली. आपल्याकडे चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये सुरू झालेला नोकियाचा भव्य कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. पुढे २०१९ मध्ये तो सालकॉम्प या कंपनीने घेतल्याचे जाहीर झाले, आणि ही कंपनी अ‍ॅपलला चार्जर पुरविणारी. उद्योगाच्या इतिहासात असे विनोद नियती फार गंभीरपणे करते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. ज्यांनी ती वस्तू घडविली त्यांनाही पुढचे सारे दिसत नव्हते. जॉब्स यांनी जाहीर केलेले उद्दिष्ट होते २००८ मध्ये जागतिक बाजाराच्या १ टक्क्याचे, म्हणजे एक कोटी फोनांचे. विक्री सुरू होऊन अडीच महिने होतात न होतात तोच किमतीत २०० डॉलरची कपात करावी लागली आणि आधीच्या गिऱ्हाइकांची समजूत घालावी लागली. बाहेरच्या लोकांनी या फोनसाठी कार्यक्रम लिहावेत, ही कल्पना आरंभी त्यांना पसंत नव्हती; ती ऑक्टोबर २००७ मध्ये मान्य झाली आणि जुलै २००८ मध्ये सुमारे ५०० कार्यक्रमांनिशी ते दुकान उघडले. आज तिकिटापासून भाजीपर्यंत जे सारे फोनवर होते त्याचा उगम त्या दुकानात आहे. म्हणजे कर्त्याच्या शहाणपणाचा मोठा भाग भविष्य ओळखण्यात नव्हता. वस्तू मोकळी ठेवण्यात होता. कळा कायमच्या बसविल्या असत्या तर त्या बदलता आल्या नसत्या. काचेवर हवी तेव्हा हवी ती कळ काढता येते.

आता आपल्या बाजूला येऊ. भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले, कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. मे २००३ मध्ये येणारे फोन निःशुल्क झाले आणि त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन आला: धूळ न शिरणारा कळफलक, माथ्यावर विजेरीचा दिवा. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. आमच्या आडगावच्या तलाठ्यांच्या हाती तोच असे. अ‍ॅपलचा फोन २२ ऑगस्ट २००८ रोजी भारतात आला तो ३१,००० रुपयांना, म्हणजे आमच्यासारख्याच्या महिन्याच्या पगाराइतक्या किमतीला. आपल्यापैकी फार थोड्यांनी तो घेतला. पण त्याच्या पाठोपाठ गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीचे स्वस्त फोन आले आणि तोच काचेचा पडदा चार-पाच हजारांत मिळू लागला. खिशातला संगणक आपल्या घरी या मागच्या दाराने आला.

आणि येथे त्या तरुण मदतनिसाच्या प्रश्नाचे महत्त्व कळते. साध्या मोबाईलच्या काळात एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावत. देवनागरी लिहू गेल्यास अवघी ७०, आणि तीही समोरच्याच्या फोनवर चौकोन होऊन उमटण्याचा संभव. त्यामुळे आपल्या घरांतली मराठी दहा-पंधरा वर्षे रोमन अक्षरांत लिहिली गेली. “आई, मी पोहोचलो” हे वाक्य आपल्या मुलांनी आपल्याला इंग्रजी लिपीत कळविले आणि आपणही तशीच उत्तरे दिली. वास्तविक १९९१ मध्ये निघालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान होते. संगणकाला आपली लिपी ठाऊक होती, फोनला त्या मानाने फारच थोडी. पहिल्या आयफोनवरही देवनागरी कळफलक नव्हता. पण एकदा फोन हाच संगणक झाल्यावर, संगणकाला येणारी लिपी फोनवर येणे हा केवळ काळाचा प्रश्न उरला. आज सत्तरी ओलांडलेल्या आमच्या वहिनी बोटाने देवनागरी लिहितात, ती जोडाक्षरांसकट शुद्ध असते. २००६ सालच्या कोणत्याही तज्ज्ञाने, अमेरिकेतल्या किंवा वाचनालयातल्या, हा तर्क केलेला नव्हता. सर्वांचे तर्क मालाविषयी होते: काय भावाने, कोणाचा, किती खपेल. माल घेणाराचे पुढे काय होईल, हे विचारले ते पुस्तके लावणाऱ्या मुलाने.

बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्या कुटुंबांना लिपीचा प्रश्न काही नवा नाही. आमच्या घरी पणजोबांच्या हातची मोडी पत्रे एका ट्रंकेत आहेत. गायकवाडी दप्तरात नोकरी करणाऱ्या त्या गृहस्थांनी काय लिहिले असेल याचे कुतूहल घरात सर्वांना आहे. ती वाचू शकणारा मात्र एकही नाही. उद्या आपल्या या त्रैमासिक पत्रिकेचे अंक तसेच होणार नाहीत कशावरून? आपली नातवंडे मराठी समजतात, बऱ्यापैकी बोलतातही. वाचताना मात्र थबकतात. जे गुजराती माध्यमात शिकले त्यांना शिरोरेघेची सवय झाली की निम्मी वाट सरते. पण इंग्रजी माध्यमातल्या, त्यातही बंगळूर, पुणे किंवा परदेशी वाढलेल्या मुलांस हा अंक म्हणजे आपल्याला मोडी तशीच आहे.

आता मंडळापुढील प्रश्न. छपाई आणि टपाल यांचा खर्च झेपेनासा झाल्याने, पत्रिका छापणे बंद करून ती सभासदांच्या फोनवर पाठवावी, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. त्यावर दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, कागद गेला की पत्रिका गेली. दुसरा म्हणतो, तीच पाने फोनवर पाठवू, काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंच्या मंडळींविषयी आम्हांस आदर आहे. तरी नम्रपणे सांगावेसे वाटते की, दुसऱ्या तटाचा बेत हा आपला रॉकर ठरण्याचा संभव आहे. कागदासाठी मांडलेली दोन स्तंभांची पाने साडेसहा इंचांच्या काचेवर पाठवायची, ज्येष्ठांनी ती दोन बोटांनी ताणून ताणून वाचायची आणि नातवंडांनी न उघडताच पुढे सरकायचे. जुनी वस्तू नव्या डबीत कोंबल्याचे समाधान तेवढे मिळेल. आणि पहिल्या तटाला विचारायचे ते इतकेच की, कागद टिकविला आणि वाचणारा टिकला नाही, तर त्या कागदाची आमच्या ट्रंकेत भर पडण्यापलीकडे काय होणार?

आमची सूचना साधी आहे. फोनला कागद करू नये. त्याला काय येते ते आधी पाहावे. त्याला बोलता येते. ज्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही त्यांना मराठी ऐकता येते, आणि हीच आपली अजून शाबूत असलेली पुंजी आहे. तेव्हा प्रत्येक लेखकाने आपला लेख स्वतःच्या आवाजात वाचून तो अंकासोबत पाठवावा. बडोद्याच्या मराठीचा तो खास हेल, वाक्यात सहज येणारे गुजराती शब्द, हे छापील पानावर कधीच येत नव्हते. ते आवाजात येतील. सोबत मजकूर मोठ्या अक्षरांत, एकाच स्तंभात असावा, म्हणजे ऐकताना ज्याला अक्षरावर बोट ठेवायचे असेल त्याला ठेवता येईल. आपणही अक्षरओळख अशीच, कोणाचा तरी आवाज ऐकत शिकलो होतो. छापील प्रती मागणीपुरत्या, आगाऊ वर्गणी घेऊन काढाव्यात. ज्यांना कागद हवा आहे त्यांना तो मिळालाच पाहिजे.

यातून पुढे काय निघेल, हे सांगण्याचा मोह आम्ही आवरतो. नातवंडे ऐकतील, कदाचित ऐकणार नाहीत. कदाचित उलट आजोबांचा लेख दुरुस्त करून पाठवतील. वार्षिक सभेत ही सूचना आम्ही लेखी मांडणार आहोत. तूर्त या अंकातील हा लेख आम्ही आमच्या फोनवर वाचून ठेवला आहे. बावीस मिनिटे लागली. मध्ये दोनदा दाराची घंटा वाजली, तीही त्यात आली आहे. ज्यांना ऐकायचा असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात आपला क्रमांक नोंदवावा.